बुधीबायची झोप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला तर उपासाच्या दिवशी चोरून खाल्लेल्या बोंबलाचंही सांगून टाकलं आहे. बोंबील पोटातून गेला. हे काही गेलं नाही.

जर्मन लढाईच्या दिवसांत मी कर्जतला मिशनचा उपदेशक होतो. देवाला खूश ठेवायचा मला नादच लागला होता. पहाटेची प्रार्थना, चौक गावापर्यंत अनवाणी चाल — वहाणा पिशवीत असायच्या, कर्जत मागे पडलं की पायांत. लोकांना सांगायचो, देवाची कृपा फुकट आहे, ती कमवावी लागत नाही. आणि स्वतः? रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. आज आपलं काय कमी पडलं, हेच उगाळत पडायचो. दमलो होतो हो. फार दमलो होतो.

रविवारी कशेळ्याला एका खोलीत उपासना घ्यायचो. तिथे बुधीबाय यायची — वरच्या ठाकरवाडीतली म्हातारी. डोक्यावरून आणलेली लाकडाची मोळी बाजारात विकायची, मग येऊन भिंतीला टेकायची आणि पहिलं गीत संपायच्या आत घोरायला लागायची. एकदा जागी होऊन म्हणाली, "मास्तर, तुमच्या देवाच्या घरात लई ग्वाड झोप लागतं. कोन ऊठ म्हनत नाय."

एवढं खरं प्रवचन मी जन्मात केलं नाही. मग मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मला राग आला. मी रात्रभर कुशी बदलायच्या, आणि हिने काहीएक न करता तिथे निजायचं? म्हणून मी — कसं सांगू — तिला खोटं सांगितलं. झोपणारी माणसं देवाला आवडत नाहीत, म्हणालो. त्याच्यापुढे उभं राहावं लागतं.

त्या दिवशी माझं प्रवचन विसाव्यावर होतं. हसा, खुशाल हसा.

पुढच्या रविवारपासून ती उभी. खांब धरून, शेवटच्या आमेनपर्यंत. तिचे गुडघे थरथरायचे — मला दिसायचे. मी तिच्याकडे बोट दाखवून इतरांना सांगायचो, भक्ती बघा. पावसाळा गेला, थंडी गेली. मग एकदा तिने विचारलं, "त्याचा राग गेला का रं मास्तर? बसू का आता?"

पुढच्या रविवारी मिशनचे साहेब पाहणीला यायचे होते. त्यांना ही उभी भक्ती दाखवायची होती मला. म्हणालो, "थोडे दिवस अजून."

ती परत आली नाही. साहेबांना सांगितलं, म्हातारी आजारी आहे. आजारी कुठली — बाजारात मोळीपाशी बसलेली असायची. मी त्या वाटेने गेलो की गुडघ्यावर हात रोवून उठायची आणि मी पुढे जाईपर्यंत तशीच उभी राहायची.

बस म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी मान हलवायचो, आणि पुढे जायचो.