प्रतिसादक क्रमांक चार

"हात वर करा, मावशी. अजून वर. मागच्या साहेबांना दिसत नाहीये."

मायनं उजवा हात वर केला. दोन बोटं वाकडी. पोलिसाच्या बुटाखाली मोडलेली. सरांनी लेझरचा लाल ठिपका त्या बोटांवर फिरवला. समोर चाळीसेक पोलीस अधिकारी बसलेले. हातात चहाचे कप. दोघांनी मोबाईलवर फोटो काढले.

मायच्या शेजारी माइक धरून मीच उभी होते.

धुळ्याबाहेरच्या एका खाजगी विद्यापीठात मानवी हक्क केंद्र होतं. तिथं मी पीएचडी करत होते. सर केंद्राचे संचालक, माझे गाईड. विषय कोठडीतले मृत्यू. तो मी निवडला नव्हता. तो आमच्या घरात घडला होता.

बाप शिरपूरकडच्या एका जिनिंगमध्ये हमाली करायचा. कुणाच्या तरी विहिरीवरची तांब्याची तार चोरीला गेली. चोरी कुठंही झाली तरी पोलिसांची गाडी आमच्याच वस्तीत यायची. बापाला उचललं. मी तेव्हा अकरावीत होते. दुसऱ्या दिवशी निरोप आला, फिट येऊन गेला. माय ठाण्याच्या पायरीला धरून बसली. उठेना. तेव्हा बोटं मोडली. मग त्याच हाताचा अंगठा कोऱ्या कागदावर घेतला. माय सही करते. तरी अंगठाच घेतला. पुढं त्या कागदावर मजकूर आला, आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही.

हे सगळं मी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात लिहिलं. सरांनी वाचलं. म्हणाले, "घरचीच केस आहे आपल्याकडे. पोलिसांच्या प्रशिक्षणाला आईला आण. जिवंत उदाहरण मिळेल."

मी हरखले. खोटं कशाला सांगू. हरखले.

माय नाही म्हणाली होती. "माले नको नेऊ तठे. तठे तेच राहतीन."

मी तिला समजावलं. पोलीस तिथं शिकायला येतात माय, आता काळ बदलला. एमए, एलएलएम झालेली पोरगी सांगत होती. तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं.

सर म्हणाले, मावशींची अहिराणी सगळ्यांना कळणार नाही, तू भाषांतर कर. समोरचे निम्मे खानदेशातलेच. पण अहवालात प्रमाण मराठी हवी होती.

तिसऱ्या रांगेतला एक फौजदार उठला. पिकलेल्या मिशा, आवाज मऊ.

"त्यांचे यजमान दारू घ्यायचे का?"

माय त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सनवारले पे."

मी म्हणाले, "क्वचित."

"सणावाराला, म्हणाल्या त्या," फौजदार हसला. "नीट सांगा, मॅडम."

हॉल हसला. सरही हसले.

मग दुसऱ्या एकानं विचारलं, कोठडीत आरोपी दगावला तर पुढं त्रास होऊ नये म्हणून काय काळजी घ्यायची? मला वाटलं सर आता याला झाडतील. सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहायला लागले. डॉक्टरला कधी बोलवायचं. डायरीत वेळ कशी लिहायची. नातेवाइकांचा जबाब कसा घ्यायचा. "अंगठा घेतला असेल तर साक्षीदार बाहेरचा ठेवा. या केसमध्ये तो नव्हता. ती फट राहिली."

चाळीस पेनं वहीवर चालत होती.

ती फट मी शोधली होती. दोन वर्षं फायली उपसून. वाटलं होतं, तिच्यातून बापाचं प्रकरण पुन्हा उघडेल. ती कशी बुजवायची हे पोलिसांना शिकवलं जात होतं. माझ्याच पानांवरून. माझ्याच मायला समोर उभं करून.

तो मिशीवाला पुन्हा उठला. "शेवटचं विचारा त्यांना. पोलिसांबद्दल आता मनात राग नाही ना?"

मायला विचारायची गरजच नव्हती. तिला मराठी कळत होती. ती शांतपणे बोलली.

"राग नई. तुमना घरमा हाई कव्हय व्हई, तेनी मी रोज वाट दखस."

पेनं थांबली. सर माझ्या कानाशी वाकले. "पहिलं वाक्य तेवढं सांग. राग नाही. बस."

माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती. पाच वर्षांचं काम. मी माइक तोंडाशी धरला.

"माझी आई म्हणते, राग नाही. तुमच्या घरात हे कधी घडेल, याची मी रोज वाट बघते. भाषांतर संपलं. आणि सर, आईला मी परत नेतेय. तिसरं प्रकरणही."

सर दात ओठ खात म्हणाले, "तुमच्या लोकांना कितीही वर आणा."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी केलं असतं, पण माय दाराकडे निघाली होती.

बसस्टँडवर तिनं पाणी घेतलं नाही. म्हणाली, "मिशीवाला. तोच शे."

"कोण?"

"तवय शिपाई व्हता. मना हातवर पाय त्यानाच."

"माय, तू बोलली का नाहीस?"

"तू तेसनी बोली बोली राह्यनी व्हती. कोनले सांगू?"

त्यांची बोली. बाकी कुणी मला इतकं मारलं नाही.

सरांनी गाईडशिप सोडली. प्रबंध गेला. वर्षभरात त्यांचा शोधनिबंध आला. त्यात माय आहे. प्रतिसादक क्रमांक चार. त्या क्रमांकापुढं लिहिलंय, मनात पोलिसांविषयी राग नाही. केंद्राला त्या प्रशिक्षणाबद्दल कौतुकाचं पत्र मिळालं, असं ऐकते.

मी वकिलीची सनद घेतली. धुळ्याच्या कोर्टात बसते. माहितीच्या अधिकारात त्या ठाण्याची जुनी ड्यूटी यादी मागवली. दोनदा नाकारली, तिसऱ्यांदा मिळाली. त्यातला एक शिपाई आज फौजदार आहे. बापाचं प्रकरण पुन्हा उघडायचा अर्ज केलाय. आरोपी म्हणून पहिलं नाव त्याचं.

तीन तारखा पडल्या. तो आला नाही. समझोत्याचा निरोप मात्र आला. मी निरोप्याला दारातून परत पाठवलं.

तो रिटायर होईल. म्हातारा होईल. व्हीलचेअरवर येईल. येऊ दे. मी त्याला पिंजऱ्यात उभा करणार.