पाटीच्या पाठीवरच्या तीन ओळी

१९८७ साल. सकाळी सहा चाळीसला ओर्नेल्ला झांकेत्ता ओल्या मातीत काशाची पाटी दाबत होती. तळहाताएवढी पाटी, चारशे वर्षांपूर्वी पादोव्हात ओतलेली. तिच्यावर मेरी आणि बाळ. मातीतल्या ठशात मेण ओतायचं आणि ते चित्र घंटेच्या साच्यावर चिकटवायचं, हे काम ती एकोणिसाव्या वर्षापासून करते. आता ती अठ्ठावन्नची आहे. भाविकांच्या ओठांनी मेरीचं नाक कधीच झिजलं. मेण तापलं की बाहेरचं धुकं आणि आतली वाफ एकच होते, आणि ओर्नेल्ला मेणातल्या त्या चेहऱ्याला रोज नवं नाक देते. कधी आईचं, कधी पहाटेच्या स्वप्नातल्या कुणा बाईचं.

आज पाटीच्या पाठीची लाकडी मूठ निखळून हातात आली. आजोबांनी ती राळेने बसवली होती. राळ खरवडल्यावर तीन वेगवेगळ्या हातांनी कोरलेल्या तीन ओळी दिसल्या. 'सोनार मार्को, १५६२.' 'मठाची, चोरू नये.' आणि तिसरी, 'वाल्दिस्तोर्ताच्या चर्चची. घंटा होईपर्यंत झांकेत्तांकडे, १९२२.'

"घंटा तर तेवीस सालीच झाली," ती म्हणाली. "गेल्या वर्षी तूच तिचा लोलक दुरुस्त केलास."

ओतशाळा चालवणारा धाकटा भाऊ तुल्लिओ कॉफी ढवळत राहिला. "मूठ परत बसव, ताई. चौसष्ट वर्षांत कुणी विचारलंय?"

"विचारू नये म्हणूनच मूठ बसवली असेल."

"आपली घंटा लोक या मेरीवरून ओळखतात. ही गेली की आपण भांडीवाले! त्यापेक्षा हिची नक्कल ओतू, ती त्यांना देऊ. तिथल्या पाद्रीबाबांना स्वतःचा चष्मा सापडत नाही."

"ओतलेलं कासं थंड होताना आकसतं. त्यांच्या घंटेवरची मेरी हिच्याहून दीडेक मिलिमीटर लहान आहे. नक्कलही तेवढीच होईल. घंटेवर धरली की तंतोतंत जुळेल, आणि जुळली की खोटी; अस्सल पाटी घंटेवरच्या मेरीहून मोठीच असणार."

"आणि तिथं चढून कोण बघणार?"

"तू. पुढच्या वेळी लोलक सुटला की."

तुल्लिओने कप ठेवला. मग तो साच्यासाठी प्लास्टरची गोणी ओढत आला. "अस्सल त्यांना, नक्कल मग आपल्याला. म्हणजे यापुढे आपल्या घंटांवरच्या मेरी लहान."

"दीड मिलिमीटर."

दुपारी तिने साचा घेतला आणि पाटी धुतली. पाठीवर चौथ्या ओळीपुरती जागा होती. ती तिने तशीच सोडली. पाटी फडक्यात गुंडाळताना मेरीच्या झिजल्या चेहऱ्यावर तिला कुणाचं नाक दिसलं, ते तिने तुल्लिओला सांगितलं नाही.

वाल्दिस्तोर्ताची बस उद्या सात पन्नासला चौकातून सुटते. चर्च नऊला उघडतं.