लिंबावर पारखलेलं कार्ड

संगणकाचं ग्राफिक्स कार्ड लिंबावर पारखून घेणारा माणूस या भूतलावर एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं भाग्य. बाकीचे लोक कार्ड घेताना इंटरनेटवरचे तक्ते बघतात, यूट्यूबवरची बडबड ऐकतात, अगदीच अडलं तर माझ्यासारख्या भौतिकशास्त्र आणि संगणक शिकवणाऱ्या मास्तराला फोन करतात. मामांना यातलं काही लागत नाही. ते मामींना पडद्यासमोर खुर्चीत बसवतात, त्यांच्या हातात एक पिवळंधमक लिंबू देतात आणि स्वतः स्टिअरिंगला बसतात. लिंबू मांडीवर राहिलं तर कार्ड पास. लिंबू नाकाकडे गेलं की कार्ड नापास, मग ते केवढ्याही मोठ्या खोक्यातून आलेलं असो.

आता हे लिंबू कुठून आलं ते सांगायला हवं. मामा मूळचे मुखेडकडचे. तीसेक वर्षं एसटीत ड्रायव्हर होते आणि त्यातली बरीचशी वर्षं कोकणात उतरणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीवर. निवृत्त झाल्यावर नांदेडला तरोड्याच्या बाजूला दोन खोल्या बांधून राहिले. आणि मामींना गाडी लागते. साधीसुधी नाही, नाकाशी लिंबू धरूनही मुखेडहून निघालेली गाडी कंधारला पोचेपर्यंत त्या अर्ध्या झालेल्या असत. ज्याच्या हाती अख्खी गाडी, त्याचीच बायको गाडीत बसू शकत नाही, ही थट्टा देवाला कशी सुचली कोण जाणे. घरच्यांसाठी मिळणारा पास दर वर्षी यायचा आणि दर वर्षी ट्रंकेत तसाच पडून राहायचा. मामा ड्युटीवरून परत आले की भाकरी थापणाऱ्या मामींसमोर पाट घेऊन बसत आणि घाट सांगत. त्या घाटात म्हणे एक वळण आहे, तिथं गाडी वळली की समुद्र एकदम समोर उभा राहतो. मामी तव्यावरची भाकरी उलटत म्हणायच्या, “आमी आपला तुमच्या तोंडूनच बघितला समुद्र.” त्यात तक्रार नसे, पण मामांना ते वाक्य लागायचं. अलीकडे मामींचे गुडघे गेले आणि खऱ्या समुद्राचा विषय घरात कायमचा बंद झाला.

अशात त्यांच्या पुण्यातल्या मुलाने स्वतःसाठी नवा संगणक घेतला आणि खेळ खेळायचा जुना संगणक वडिलांना आणून दिला. सोबत स्टिअरिंग आणि पायाखाली ठेवायचे ब्रेक-ॲक्सिलरेटरसुद्धा. त्यात बस चालवायचा एक खेळ होता. कोणा हौशी मंडळींनी आपल्याकडचे रस्ते हुबेहूब तयार करून त्यात टाकले होते. मामा आठ दिवसांत त्यात असे रमले की मामी जेवायला हाका मारून थकू लागल्या.

खेळ कसला, ती ड्युटीच. खाकी शर्ट घातल्याशिवाय मामा स्टिअरिंगला हात लावत नाहीत. पायात बूट हवेत, कारण “चप्पल घालून गाडी हाणणारा डायवर न्हाई, तो टमटमवाला.” सुरू करण्याआधी संगणकाच्या कॅबिनेटभोवती एक फेरी मारून चारही बाजूंनी टिचकी मारून बघतात. खेळात बाकीची दुनिया सिग्नल तोडते, ट्रकला धडका देते, नदीत गाडी घालून खदाखदा हसते. मामा मात्र निर्मनुष्य रेल्वे फाटकावरही इंजिन बंद करून बसतात. एकदा मी म्हटलं, “मामा, इथे कोण पोलीस येणार आहे?” तर म्हणाले, “पोलिसासाठी थांबत असतेत का, जावई? मागं पंचेचाळीस लेकरंबाळं बसलेत.” मी मागे पाहिलं. मागे धान्याची कोठी होती.

आणि डबल बेल झाल्याशिवाय त्यांची गाडी सुटत नाही. कंडक्टरचं हे काम मामींकडे. त्या स्वयंपाकघरातून स्टीलच्या पेल्यावर चमच्याने दोनदा वाजवतात, मग मामा गिअर टाकतात. मामी देवपूजेला बसल्या असल्या तर गाडी स्टँडवर उभी. पेला स्वतःच्या हाताने वाजवण्याचा मोह मामांना एकदाही झालेला नाही.

एके दिवशी त्यांना खेळात ते वळण सापडलं. लगेच मला फोन आला. “जावई, तेच वळण! कठडासुदिक तसाच हाय!” मी पोचल्यावर मामींना मोठ्या थाटात बोलावण्यात आलं, खुर्ची मांडली, डबल बेल झाली. आणि घाटाच्या तिसऱ्या वळणाला मामी तोंडाला पदर लावून अंगणात धावल्या. जुनं कार्ड बिचारं थकलेलं, चित्र अडखळत, धक्के देत पुढे सरकायचं. घरबसल्या खुर्चीत गाडी लागलेली बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. मला हसू आवरेना, पण मामांचा चेहरा बघून आवरलं. “डायवरला कोण मेडल देतंय?” ते म्हणाले. “मागं माणसं झोपून राहिली की समजायचं, गाडी चांगली चाललीय. जागं माणूस म्हंजे भ्यालेलं माणूस. एवढी माणसं झोपवली म्या, अन् ही एक मातर कधी झोपली न्हाई.” त्याच संध्याकाळी नवं कार्ड घ्यायचं ठरलं.

नांदेडच्या वजिराबादेतल्या एका दुकानात आम्ही गेलो. दुकानदार तिशीतला, हसतमुख. मामांनी कार्ड हातात घेतलं, वजन पाहिलं, पंख्याचं पातं बोटाने फिरवलं आणि विचारलं, “चढाला तापतं का?” दुकानदार फ्रेम, जीबी असं काहीबाही सांगत राहिला. मामा म्हणाले, “ते ऱ्हाऊ द्या. धक्का बसतो का न्हाई, तेवढं सांगा.” त्याने हात जोडून सांगितलं, “चाचा, आँख बंद करके ले जाव.” मामा गंभीर झाले. “डोळे मिटून आमी कधी ष्टेरिंगला हात न्हाई लावला.” मग त्यांनी संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची, म्हणजे एसएमपीएसची, चौकशी केली. हा डबा माझ्या ध्यानातच नव्हता. “इंजिन मोठं टाकायचं अन् बॅटरी जुनी ठेवायची, मंग ष्टार्टरलाच बसतंय ना,” असं म्हणून त्यांनी आधी तो डबा नवा घेतला. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. चार खेपांनंतर मामांनी त्या भल्या माणसाला असं काही पटवलं की रविवारी तो स्वतः दोन कार्डं पिशवीत घालून मामांच्या घरी हजर झाला.

लिंबाची परीक्षा त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पहिलं कार्ड मधल्या ताकदीचं, दुसरं त्याहून दांडगं. पहिलं बसवलं, डबल बेल झाली, गाडी सुटली. रस्ता असा सुरेख सरकू लागला की मी टाळी वाजवली. पाचव्या मिनिटाला मामींचा हात लिंबू घेऊन नाकाशी गेला. नापास. दुसरं बसवलं, पुन्हा लिंबू नाकाशी. मी सल्ला दिला की याहून मोठं कार्ड मागवावं. दुकानदारानेही मान डोलावली, त्याला ते सोयीचंच होतं. आम्ही दोघं शिकलेली माणसं एकमेकांना दुजोरा देत असताना मामा मात्र पडद्याकडे बघतच नव्हते. ते बायकोच्या हाताकडे बघत होते.

“थांबा जरा,” ते म्हणाले. “मोकळ्या सडकंला हिचा हात हलत न्हाई. गावाची वेस आली की लिंबू वर जातंय. दोन्ही कार्डाला तसंच, त्याच गावाला. मंग इंजिनाचा काय दोष? मोकळ्या रस्त्याला तर पळून राहिलं ते.” मग ते आमच्याकडे वळले. “गावात काय असतंय? घरं, दुकानं, झाडं, माणसं. एवढा माल एकदम उतरून घ्यावा लागतोय. टपावरून माल उतरवायला हमाल कमी पडून राहिले, बगा.”

दुकानदाराने कॅबिनेट उघडलं. आत रॅमची एकच पट्टी होती, आठ जीबीची. शेजारची खाच रिकामी. खेळाला लागणारा सगळा माल याच रॅममध्ये उतरतो, हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं आहे. ते एका ड्रायव्हरने लिंबाकडे बघून ओळखलं आणि मला ओळखता आलं नाही. मामींनी तेवढ्यात सगळ्यांना चहा दिला, तो मी खाली मान घालून प्यायलो. मधलं कार्ड ठेवलं, दांडगं परत पिशवीत गेलं.

मामांच्या हिशेबी हमाल जोडीने काम करतात आणि जोडीत दोघांचा दम सारखा हवा. जुनी पट्टी चांगली चालत असताना फेकायला ते तयार नव्हते, म्हणून तिची सख्खी बहीण शोधणं आलं. त्याच मेकची, त्याच वेगाची पट्टी नांदेडात मिळेना. दुकानदाराने फोन फिरवले तेव्हा लातूरच्या एका दुकानात एक निघाली. पार्सलवर मामांचा विश्वास नाही. आम्ही दोघं एसटीने लातूरला गेलो. मामा ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर, आणि प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय फरशीवर ब्रेक दाबत होता. शेवटी ड्रायव्हरने आरशात बघून विचारलं, “काका, कोणत्या डेपोचे?” मामा जे खुलले ते लातूर येईपर्यंत. परतताना ती पट्टी शर्टाच्या वरच्या खिशात होती आणि गर्दीत कोणी जवळ आलं की मामांचा हात छातीवर जायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम गेलो. मामींनी केस विंचरून चांगलं पातळ नेसलं होतं. एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात चमचा, मांडीवर पेला. टिंग टिंग. गाडी सुटली. पहिलं गाव आलं, मी पडदा सोडून लिंबाकडे बघत राहिलो. हात हलला नाही. दुसरं गाव, बाजार, वेस, पूल, काही नाही. मामांनी घाम पुसायलाही हात स्टिअरिंगवरून काढला नाही. मला उगाचच देव आठवायला लागला. घाट सुरू झाला, पहिलं वळण, दुसरं, तिसरं. आणि लिंबू हातातून सुटून खाली पडलं, गडगडत टेबलाखाली गेलं.

मी घाबरून मामींकडे पाहिलं. त्या झोपल्या होत्या. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, एसटीत खिडकीपाशी बसलेली माणसं झोपतात तशा गाढ. मामांनी एकदाच वळून पाहिलं. मग गाडी इतकी हळू घेतली की वळणं येतात कधी आणि जातात कधी कळेना. ते वळण आलं, कठडा आला आणि समुद्र एकदम समोर उभा राहिला. मामांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला.

“मामींना उठवू?” मी कुजबुजलो.

“नगं.” त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. “हीच एक झोपायची ऱ्हायली होती, जावई.”

“पण समुद्र? त्याच्यासाठीच तर सगळं केलं.”

“समुद्र कुठं जातोय? बेल हिच्याकडं हाय. डबल बेल झाल्याबिगर आपली गाडी हलत न्हाई.”

मी टेबलाखालचं लिंबू काढून कॅबिनेटवर ठेवलं आणि चपला हातात घेऊन बाहेर पडलो. दार ओढून घेताना मागे पाहिलं. पडद्यावर लाटा येत होत्या, मांडीवरच्या पेल्यात चमचा कलंडला होता, आणि मामा समुद्राकडे पाठ करून मामींकडे बघत बसले होते.