तिघांतला भित्रा

एकाहत्तरच्या लढाईतून आमच्या गल्लीत तिघे परत आले. एक दारूत बुडाला. दुसरा बायकोपोरांना पट्ट्याने झोडपायचा. त्या दोघांना लोक मान द्यायचे. फौजी माणूस, तापट असणारच, म्हणायचे. तिसरा माझा थोरला भाऊ. त्याने कोणाला बोटही लावलं नाही. मोठा आवाज झाला की तो फक्त जमिनीवर पालथा पडायचा. म्हणून भित्रा तेवढा तोच ठरला. तिघांचं दुखणं एकच होतं, हे कळायला माझे केस पांढरे व्हावे लागले. तेव्हा मी तेवीस वर्षांचा घोडा होतो आणि मला भावाची लाज वाटायची.

वहिनी घाबरून कुहीला माहेरी गेली होती. भिंतीला पाठ लावून दिवसभर दाराकडे बघत बसणाऱ्या नवऱ्याबरोबर ती किती दिवस काढणार? तिच्या वडिलांनी अट घातली, "सहा महिने एका जागी नोकरी करून दाखवा, पोरीले मी सोता आणून सोडतो." मग आम्ही शहाण्यांनी दादासाठी नोकरी शोधली. कुठे? इतवारीत, भांड्यांच्या ठोक दुकानात! सगळ्या नागपुरात जिथे सकाळपासून पितळ आणि स्टील आदळत असतं, नेमकं तिथे. बाबा म्हणाले, "आवाजाची सवय होऊन जाईन त्याले." डोळ्यात तिखट गेलं म्हणून वर आणखी भिवापुरी मिरची चोळावी, तसली ही अक्कल.

सवय झाली ती हमालांना. दादा पाठमोरा दिसला की कोणीतरी मुद्दाम परात सोडायचा. दादा पालथा. हातगाड्या थांबायच्या, अख्खी ओळ खो खो हसायची. दादा उठायचा, गुडघे झटकायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. मालकानेही त्याला काढलं नाही. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? दादाचं नाव पडलं लेट्या, आणि मी लेट्याचा भाऊ. तरी तो टिकून राहिला. वहिनीसाठी राहिला, हे मला ठाऊक होतं.

सहा महिने भरले. वहिनीचे वडील शब्दाला जागले. भर दुपारी लेकीला घेऊन थेट दुकानावरच आले. मी दादाचा डबा घेऊन तिथे पोचलो होतो. वहिनी पायरीशी उभी होती आणि दादा तिच्याशी चक्क हसून बोलत होता. कितीतरी दिवसांनी मी त्याचे दात पाहिले. तेवढ्यात एका हमालाने मला डोळा मारला. "काहून गा लेट्याच्या भावा, आज खेळ बंद हाय काय?"

सगळे माझ्याकडे बघून हसले. माझं डोकं फिरलं. एकदा तरी हसणाऱ्यांत उभं राहावं, एवढंच मला वाटलं. मी थप्पीतली सगळ्यात मोठी परात ओढली आणि फरशीवर सोडली.

दादाने वहिनीला खाली ओढलं आणि स्वतःच्या अंगाने तिला झाकून टाकलं. मग त्याने मान वर केली. त्याला मी उभा दिसलो. तो जीव तोडून ओरडला, "लेट गा, लेट! डोकं खाली घे!"

मी उभाच होतो. हसत होतो.

वडिलांनी लेकीला उठवलं. तिच्या कोपरातून रक्त येत होतं. दादाकडे त्यांनी पाहिलंही नाही, मलाच विचारलं, "हे असं आजच झालं काय गा, का रोजचंच हाय?"

परात कोणी पाडली ते मी सांगू शकलो असतो.

"रोजचंच हाय," मी म्हणालो.

चारच्या बसने दोघं कुहीला परत गेली. वहिनी त्यानंतर कधीच आली नाही. त्या दिवशी घरी जेवायला बसलो, तेव्हा दादा किती तरी वेळ माझ्याकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "तुले तं लागलं नाही ना गा?"