‘गुंडा अजिनाथ’ नावाची चादर

सोलापुरी चादरीच्या काठात कारखान्याचं नाव विणलेलं असतं. अजिनाथकाकांच्या चादरीवर ‘गुंडा अजिनाथ’ असं आहे. या नावाची कंपनी अक्कलकोट रोड एमआयडीसीत कधीच नव्हती. काका तिथल्या एका कारखान्यात मागावर होते, गुंडाकाका शेजारच्या कारखान्यात टॉवेल शिवायचे. दोघांचा एकमेकांवर जीव जडला आणि पंचवीसेक वर्षं ते एकाच खोलीत राहिले. एकदा मालक परगावी गेलेला बघून काकांनी ही एकच चादर विणली. मग ती राजरोस दारात वाळत पडायची.

“ही कुटली कंपनी म्हणायची?” शेजारच्या रंभाबाई विचारायच्या.

“जुनी हाय,” काका म्हणायचे. तेवढ्यावर भागायचं.

गुंडाकाका गेल्या वर्षी वारले. गावाहून, जेऊरहून, त्यांचे पुतणे आले, फोटो, कपडे, हातातलं घड्याळ सगळं घेऊन गेले. जाताना काकांना ‘रूम पार्टनर’ म्हणून नमस्कार केला. चादर तेवढी राहिली, कारण पुतण्यांनाही ती कंपनीचीच वाटली. दोघं एकमेकांचे होते, याची खूण एवढीच उरली.

ऋतुजा आणि मी सोलापुरातल्या समलिंगी, ट्रान्स माणसांच्या वस्तू आणि आठवणी जमवतो. आमचा संग्रह म्हणजे तिच्या घरातलं एक लोखंडी कपाट. आव मात्र संग्रहालयाचा. पहिलं प्रदर्शन ठरलं तेव्हा काका आपणहून चादर घेऊन आले. ऋतुजानं नियम काढला: हयात माणसाची ओळख उघड करायची नाही.

“काका, नावं आत जातील अशी घडी घालूया. उगाच जेऊरपर्यंत बातमी जायची.”

“नावं आत घातल्यावर ऱ्हायलं काय? चादर. ती काय, सोलापुरात कुटंबी मिळती की.”

“आणि कुणी विचारलं तर?”

“कंपनी हाय म्हणून सांगतो. सवय हाय मला.”

प्रदर्शनाला काका इस्त्रीचा शर्ट घालून चादरीशेजारी खुर्ची टाकून बसले, जणू नवरदेवाचे वडीलच. दुपारी दुधनीचे कापडवाले प्रभुलिंगअण्णा आले. बाकी कशाकडं न बघता त्यांनी चादरच चिमटीत धरली.

“माल दमदार हाय. ही फर्म चालू हाय का अजून?”

मी काकांकडं पाहिलं. उत्तर तर पाठ होतं. काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

“फर्म न्हाय, अण्णा. अजिनाथ म्हंजे मी. गुंडा माजा मानूस. संसार केला आमी.”

ऋतुजानं माझा दंड गच्च धरला. अण्णांनी काठातल्या दोन्ही नावांवरनं बोट फिरवलं.

“नाव कुनाचं आधी घालायचं, यावर भांडन झालं असंल,” ते म्हणाले.

“झालं की. दोन दिवस जेवला न्हाय त्यो. लई हट्टी.”

अण्णांनी खुर्ची ओढली. मग तासभर काका गुंडाकाकांची गाऱ्हाणी सांगत बसले, आणि लोक भोवती जमत गेले. भिंतीवर आम्ही मेहनतीनं लावलेल्या फोटोंकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.