आधी सही, मग ठराव

आमच्या गावात ग्रामसभेची एक रीत होती. आधी सह्या, मग ठराव. प्रजासत्ताक दिनाचा झेंडा झाला की शाळेच्या व्हरांड्यात टेबल लागायचं, त्यावर ठरावाची जाड वही उघडी असायची. पान कोरं. पानाच्या खालच्या भागात सह्या करायच्या, पुढं सरकून कागदात गुंडाळलेली जिलेबी घ्यायची आणि घरी जायचं. वर काय लिहायचं ते ग्रामसेवक नंतर निवांत बसून लिहायचे. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. रब्बीची कामं अंगावर असतात, कोण ऐकत बसणार?

मलाही वाटत नव्हतं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. वडील गवंड्याच्या हाताखाली जायचे, माय दुसऱ्यांच्या रानात खुरपायला. शहरात औरंगपुऱ्यातून जुनी पुस्तकं घेऊन आणि रोज एसटीनं ये-जा करून मी बी.ए. झाले. आता चिकलठाण्याच्या एका कंपनीत कामगारांच्या हजेरीचं काम बघते. सहीखाली बी.ए. लिहायची मला सवय आहे. बँकेत लिहिते, पोस्टात लिहिते, कुरिअरवाल्याच्या कागदावरसुद्धा लिहिते. ज्याला हसायचं त्यानं हसावं.

त्या प्रजासत्ताक दिनालाही मी झोकात सही केली, खाली बी.ए. लिहिलं. माझ्यामागं माय होती. तिनं वहीकडं बघितलं आणि विचारलं, "काय लिवलंय यात?"

"काही नाय, हजेरी आहे. दे अंगठा."

ती जरा थबकली. मागं रांग होती. मी तिचा हात धरला, अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला आणि माझ्या सहीशेजारी उमटवला. मग आम्ही जिलेबी घेऊन घरी आलो.

आमचं घर गायरानाच्या कडेला आहे. गाव सिल्लोड रस्त्याला, रस्त्यापासून आत गेलं की गायरान, आणि त्याच्या अलीकडच्या टोकाला आमची वस्ती. वीसेक घरं, एक विहार, एक हातपंप. आजोबांच्या वेळेला गावठाणात जागा नव्हती म्हणून इथं बसवलं. घरपट्टी भरतो, मीटर आहे, पण जमिनीचा उतारा नाही. उताऱ्यात ती जमीन सरकारची.

उन्हाळ्यात मोजणीवाले आले. तिपाई लावून दिवसभर गायरान मोजलं, चुन्याचे पट्टे मारले. एक पट्टा आमच्या न्हाणीच्या मागून गेला, एक विहाराच्या पुढून. म्हणजे आख्खी वस्ती आत. मायनं त्यांना पाणी दिलं आणि काय होणार म्हणून विचारलं. एकानं सांगितलं, "मावशी, जेल होणार. मोठं."

दोन दिवस गावात दुसरा विषय नव्हता. फाट्यावरच्या हॉटेलात मी एसटीची वाट बघत उभी असायची तेव्हा कानावर यायचं.

"पळाले तर पहिल्यांदा तुपल्याच उसात शिरतेन."

"शिरू दे. तोडायला तरी माणसं मिळतीन."

"हसू नका. जेलच्या गावाला पोरगी कोण देईन?"

"तुपल्या पोराला आत्ता तरी कोण देतंय?"

हॉटेलवाला म्हणाला की कैद्यांचे नातेवाईक भेटायला येतील, चहा पितील, धंदा वाढंल. त्याच्यावर सगळे तुटून पडले. खरं सांगायचं तर ज्याची त्याची हरकत वेगळी होती. मळेवाल्यांना विहिरीच्या पाण्याची काळजी, पोरींच्या बापांना रस्त्याची, शेळ्यावाल्यांना चराईची. आमचं तर घरच जाणार होतं. पण जेल नको, यावर गाव एक झालं होतं, आणि आमच्या गावात असं क्वचित होतं.

हरकतीचा अर्ज मी लिहिला. तीन पानं, नीट मुद्दे घालून. गावातले एक मोठे शेतकरी आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते वाचून म्हणाले, "पोरी, वकिलालाबी असं जमायचं नाय." मला बरं वाटलं. आम्ही सातआठ जण तहसीलला गेलो. तिथल्या क्लार्कनं अर्ज घेतला, वरच्या चार ओळी वाचल्या, मग कपाटातून फाईल काढली, एक कागद उलगडला आणि टेबलावर आमच्याकडं फिरवून ठेवला.

"गावानं तर ना-हरकत दिलीय."

ती आमच्याच वहीतल्या पानाची झेरॉक्स होती. वर ग्रामसेवकांच्या अक्षरात लिहिलं होतं की गायरानाची जमीन शासनाच्या सार्वजनिक कामासाठी देण्यास ग्रामसभेची हरकत नाही, सदर जमीन मोकळी असून तिचा कुणी वापर करत नाही, ठराव सर्वानुमते मंजूर. खाली सह्या. अण्णांची होती, हॉटेलवाल्याची होती. मधोमध माझी होती आणि तिच्याखाली बी.ए. तिला लागून मायचा अंगठा.

क्लार्कनं अर्जावरची सही बघितली, झेरॉक्सवरची बघितली. "तुम्हीच का या? शिकलेल्या दिसता, मॅडम. वाचून नाही का सही केली?"

तो टोमणा मारत नव्हता, खरंच विचारत होता. मी म्हणाले, "पान कोरं होतं." तो म्हणाला, "मग तर अजूनच." अण्णा खिडकीबाहेर बघायला लागले.

मायला सांगणं भाग होतं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, मग म्हणाली, "मी इचारलं व्हतं."

"व्हय."

"तू म्हणली, हजेरी आहे."

"व्हय."

"मपलं घर मोकळी जागा आहे म्हणून मपलाच अंगठा." आणि ती पुढची भाकरी थापायला लागली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

ग्रामसेवकांना गाठलं तेव्हा ते सरळ बोलले. वरून पत्र आलं, सोबत ठरावाचा नमुना आला, तो त्यांनी जसाच्या तसा उतरवला. जेलचं त्यांनाही माहीत नव्हतं. "आणि मॅडम, इतकी वर्षं वही अशीच चाललीय. तुमच्यापैकी एकानं तरी म्हटलं का, आधी लिहा म्हणून?" मला त्यांचा राग आला होता, तरी ते खरं होतं. मी रोज कंपनीत हेच बघते. कोऱ्या हजेरीपत्रकावर आगाऊ सही केली म्हणून मी स्वतः एकाला समज दिली होती.

ठरावावर दुसरा ठराव हाच उपाय होता. विशेष ग्रामसभा लागली. मी एक अट घातली, की ठराव आधी वहीत लिहिला जाईल, मोठ्यानं वाचला जाईल, शेवटच्या ओळीखाली रेघ मारली जाईल आणि मग सह्या. लोक कुरकुरले, पण आले. ऊन उतरल्यावर शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या. जिलेबी नव्हती तरी पटांगण भरलं.

ग्रामसेवकांनी मला सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. मागचा ठराव रद्द, जेलला ग्रामसभेचा विरोध, गायरानात गावाची जनावरं चरतात. मी वाचून दाखवलं. बायकांमधून माय उठली.

"आमची घरं कुठंत यात?"

अण्णा म्हणाले, "वहिनी, घरं नका लिहायला लावू. कागदावर आलं की अतिक्रमण म्हणतेन. जेल राहील बाजूला, पहिल्यांदा तुम्हालाच उठवतेन. तुमच्या भल्यासाठी सांगतो."

ते खोटं नव्हतं. मीही त्याच भीतीनं घरं गाळली होती, आणि मायला विचारलं नव्हतं. पुन्हा.

माय म्हणाली, "अण्णा, चुना मपल्या न्हाणीमागून गेलाय. त्याइला घर दिसलं नसंन का? दिसलं, पण कागदात मोकळी जागा आहे म्हणून पुढं गेले. आता दुसऱ्या कागदातबी घर नसंन तर मी राहते कुठं?"

"आन् उठवलं तर?"

"तर घर होतं म्हणून उठवलं, असं तरी व्हईन. लिही गं."

हॉटेलवाला म्हणाला, "लिहा की. घरपट्टी घेतो तवा घर असतंय ना." त्यावर हशा झाला, अण्णाही हसले. मी सांगितलं आणि ग्रामसेवकांनी लिहिलं, या जमिनीवर तीन पिढ्यांपासून लोक राहतात, त्यांची घरपट्टी ग्रामपंचायत घेते, इथं विहार आहे, हातपंप आहे. मी पुन्हा सगळं वाचलं. मायनं घरांचा भाग दोनदा वाचायला लावला. मग मी पट्टी लावून रेघ मारली.

सह्यांची रांग लागली. मी सही केली. मायची पाळी आली तेव्हा सवयीनं माझा हात तिच्या हाताकडं गेला. तिनं तो कोपरानं बाजूला केला, अंगठा स्वतः पॅडवर दाबला आणि रेघेखाली उमटवला.

तो ठराव आता त्याच फाईलमध्ये आहे, आधीच्या ठरावावर. मोजणीवाले परत आले, या वेळी घरं मोजून नकाशावर मांडून गेले. जेल झालेलं नाही, रद्दही झालेलं नाही. आम्हाला उठवलेलं नाही. अतिक्रमणाची नोटीस येईल असं अण्णा अजून म्हणतात, आणि येऊही शकते.

ग्रामसभा आता लांबते. जिलेबी गार होते म्हणून लोक माझ्या नावानं बोटं मोडतात. सहीखाली बी.ए. मी अजून लिहिते, ती मी मिळवलीय. पण घरात कुठलाही कागद आला, गॅसचा असो की बँकेचा, माय मला समोर बसवते, पहिल्या ओळीपासून वाचायला लावते आणि मी एखादी ओळ गाळतेय का म्हणून माझ्या तोंडाकडं बघत राहते.