जाऊबाईंचा कार्यादेश

आमच्या नगरपरिषदेला बायकांना नाचवायचं होतं आणि मला बायकांना नाच शिकवायचा होता. इतकं सरळ जुळत असताना मध्ये तीन पाकिटं आली आणि सगळा घोळ झाला.

नोटीस मला पाणीपट्टी भरायला गेले तेव्हा दिसली. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीशेजारी, अर्धी कॅलेंडरखाली झाकलेली. शहरातील महिलांसाठी मनोरंजनात्मक व्यायाम व नृत्यवर्ग चालवण्यासाठी बाह्य प्रशिक्षकांकडून दरपत्रके मागवण्यात येत आहेत, असं तीत लिहिलं होतं. सभागृह नगरपरिषदेचं, स्पीकर नगरपरिषदेचा, शिकवणारी तेवढी बाहेरची. तीन महिन्यांचं काम, पसंत पडलं तर पुढे आणखी तीन महिने. मी कॅलेंडर वर करून ती तीनदा वाचली आणि तरंगत घरी आले. पाणीपट्टी भरायची राहूनच गेली.

मला झुंबा येतो. नवरा सुप्याला कंपनीत होता तेव्हा आम्ही तिथं सहा वर्षं भाड्याच्या खोलीत काढली, आणि खालच्या गल्लीत मोबाईलच्या दुकानावर एक मुलगी झुंब्याचा क्लास घ्यायची. पहिल्या दिवशी मी नुसती बघायला गेले होते. दुसऱ्या वर्षी ती मुलगी आजारी पडली की क्लास मी घ्यायचे. निघताना तिनं मला सर्टिफिकेट दिलं, मी ते लॅमिनेट करून आणलं आणि सासरी परत आल्यावर ते कपाटात साड्यांच्या खाली गेलं. सासरी एकत्र घर. नाच म्हणजे लग्नाच्या वरातीत, तोही लांबून बघायचा. चार वर्षं मी फक्त भांडी घासताना, नाहीतर कुणी नाही बघून गच्चीवर कपडे वाळत घालताना पाय हलवत होते. आता भिंतीवर सरकारच विचारत होतं की कुणाला येतं का म्हणून. माझ्या नावाचा कागद निघेल, सभागृहाच्या दारावर प्रशिक्षिका म्हणून माझं नाव लागेल, एवढंच डोक्यात घोळत होतं. दुसरं काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट घेऊन गेले, तर खिडकीतले बाबू म्हणाले, एक दरपत्रक चालत नाही, तीन लागतात. माझं एक, बाकीची दोन कुठून यायची ते मी विचारलं. ते म्हणाले, तुम्हीच आणायची. माझ्याविरुद्ध बोली लावणारे दोघं मीच शोधून आणायचे, हे मला पटेना. बाबूंनी शांतपणे समजावलं की मांडववाला असो, खुर्च्यावाला असो, सगळे असंच करतात. आपलं पाकीट घेऊन येतात, सोबत दोन ओळखीच्यांची जास्त दराची पाकिटं आणतात. सगळ्यात कमी दर आपला, काम आपलं, फाईल पूर्ण. आडनाव एकच असलं तर, असं मी भीत भीत विचारलं. त्यावर त्यांनी सांगितलं की आडनाव बघायला बसलं तर या गावात एकही काम व्हायचं नाही.

मग मी माझी माणसं गोळा केली. एक पाकीट शेजारच्या शिलाईवाल्या बाईंचं. त्यांनी आनंदानं लिहून दिलं, पण स्वतःच्या बिलबुकाच्या कागदावर, त्यामुळे नृत्यवर्गाच्या दराखाली 'एकदा शिवलेले कपडे परत घेतले जाणार नाहीत' असं छापलेलं राहिलं. दुसरं पाकीट माझ्या थोरल्या जावेचं.

जाऊबाई पाथर्डीकडच्या. माहेर ऊसतोडीला जाणारं, लहानपण निम्मं फडाशेजारच्या पाचटाच्या कोप्यांत गेलेलं, शाळा सातवीपर्यंत. घरात त्यांचा शब्द चालतो, कारण त्या फार कमी बोलतात आणि बोलल्या की दोन गल्ल्यांत ऐकू जातं. नाचताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. हळदीला सगळ्या नाचायच्या तेव्हा त्या चपलांवर लक्ष ठेवायच्या. मी फॉर्म पुढं ठेवला, माझा दर सांगितला, आणि म्हटलं, ताई, तुम्ही याच्यापेक्षा हजारभर जास्त लिहा आणि सही करा. त्या बरं म्हणाल्या. मी पोळ्या लाटायला गेले. त्यांनी सावकाश, वाटाण्याएवढ्या अक्षरात फॉर्म भरला, पाकीट चिकटवलं आणि वरून तांब्या ठेवून दाबलं.

पाकिटं उघडली त्या दिवशी मी नवी साडी नेसून गेले होते. बाबूंनी चष्मा लावून वाचलं, मग काढून वाचलं. कमी दर जाऊबाईंचा. माझ्यापेक्षा दोनशेनं कमी. अनुभवाच्या रकान्यात मी चार वर्षं लिहिलं होतं. जाऊबाईंनी लिहिलं होतं वीस वर्षं, आणि पुढं कंसात घरकाम. कंस कुणी वाचला नव्हता. कमी दर आणि जास्त अनुभव, समितीनं एकमतानं काम त्यांना दिलं होतं.

मी घरी आले ती भांडायच्या तयारीनं. जाऊबाई लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, उड्या मारायचे एवढे पैसे कोण देतंय, मला लिहिताना लाज वाटली. मी कपाळाला हात लावला. इतक्या साध्या बाईवर चिडायचं तरी कसं? तरी मी चिडले. दोन दिवस आम्ही फक्त मिठामसाल्यापुरत्या बोललो.

तिसऱ्या दिवशी बाबूंकडे जाऊन विनवलं की कागद माझ्या नावानं करा. ते म्हणाले, कार्यादेश, म्हणजे काम दिल्याचा कागद, एकदा निघाला की बदलत नाही. तुमच्या जाऊबाईंनी नाकारला तर सगळं पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून म्हणजे या वर्षी क्लास विसरा. ज्यांच्या नावानं आदेश त्यांनीच पुढं उभं राहायचं, फोटो काढून फाईलला लावायचा. शिवाय पहिल्या दिवशी मुख्याधिकारी मॅडम स्वतः येणार होत्या.

त्यामुळे आठ दिवस गच्चीवर वाळवणाच्या कडेनं मी जाऊबाईंना झुंबा शिकवला. त्यांना ताल होता, पण पुढची स्टेप काही केल्या लक्षात राहत नव्हती. गाणं सुरू झालं की त्या माझ्याकडे बघायच्या आणि मी करेन ते तंतोतंत करायच्या. मी थांबले की थांबायच्या. शेवटी मला युक्ती सुचली. त्या पुढं उभ्या राहतील, बायका त्यांच्याकडे तोंड करून, आणि मी सगळ्यात मागं भिंतीला. त्या बायकांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून करतील, बायका त्यांच्याकडे बघून करतील. मॅडम बाजूला खुर्चीवर, त्यांना काय कळणार? मला ही युक्ती फार हुशारीची वाटली, आणि अजूनही वाटते.

पहिल्या दिवशी चाळीसेक बायका आल्या. शिक्षिका होत्या, भाजीवाल्या होत्या, दोन सासू-सुनांच्या जोड्या एकमेकींपासून शक्य तितक्या लांब उभ्या होत्या. कुणी पंजाबी ड्रेस घातलेला, कुणी नऊवारीचा काष्टा आणखी वर खोचलेला. जाऊबाईंनी माझे बूट घातले होते, ते त्यांना एक नंबर मोठे होते. मॅडम आल्या, नारळ फुटला, बाबूंनी मोबाईल सरसावला, गाणं लागलं. मी उजवा हात वर केला. जाऊबाईंनी केला. चाळीस हात वर गेले. मला कुणी बघत नव्हतं आणि अख्खं सभागृह माझं ऐकत होतं.

दोन गाणी अशी झकास गेली. तिसऱ्याला मला डास चावला.

सभागृहाच्या मागं पाण्याची टाकी आहे, संध्याकाळी पाचनंतर तिथून डास येतात. मी नकळत दंडावर फटका मारला. जाऊबाईंनी दंडावर फटका मारला. चाळीस बायकांनी दंडावर फटका मारला, आणि तो नेमका ढोलाच्या ठोक्यावर पडला. मी घाबरून दोन्ही हात हलवून जाऊबाईंना खुणावलं, हे नाही, हे नाही. जाऊबाईंनी दोन्ही हात हलवले. चाळीस बायका मॅडमच्या देखत दोन्ही हातांनी नाही नाही करू लागल्या. आता काय करावं म्हणून मी कपाळावर हात मारला. सभागृहभर कपाळं वाजली.

मॅडमनी बाबूंना विचारलं की हा कुठला प्रकार. बाबूंनी घाम पुसत सांगितलं, मॅडम, आधुनिक आहे. तिथं माझा बांध फुटला. मी तोंडात ओढणी कोंबली तरी हसू बाहेर यायला लागलं, पोट धरून मी खाली वाकले आणि शेवटी बसकण मारली. जाऊबाई बसल्या. नऊवारीवाल्या बसल्या. गुडघेदुखीवाल्या एक आजी मात्र उभ्या राहिल्या, म्हणाल्या, हे मला जमायचं न्हाई, एवढं सोडून बाकीचं करते. मग एकेक बाई वळून मागं बघायला लागली आणि मी कुठं लपावं ते मला कळेना.

गाणं बंद झालं. मॅडमनी विचारलं, मागं कोण आहे ते? एका घरातली दोन पाकिटं, शिलाईचं बिल, कंसातलं घरकाम, सगळं आता उघड्यावर येणार आणि क्लास जाणार. मी उठून काहीतरी थाप मारणार होते. तेवढ्यात जाऊबाई घाम पुसत पुढं आल्या.

"ती माझी जाऊ हाय, मॅडम," त्या म्हणाल्या. "शिकिवणारी तीच. मी नुसती कागदावर हाय."

दोन गल्ल्यांत ऐकू जाईल असं त्या बोलल्या. बाबू पंख्याकडे बघायला लागले. मॅडमनी फाईल मागवली, पानं उलटली, बिलबुकाच्या कागदावर बराच वेळ थांबल्या आणि ओठ आवळले. हसू दाबलं होतं की राग, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मग बाबूंना म्हणाल्या, प्रशिक्षिकेनं सहायक ठेवू नये असं कुठं लिहिलंय का? कुठंच लिहिलेलं नव्हतं. झालं तर मग, लिहून घ्या. आणि जाता जाता म्हणाल्या, मधली ती दंडाची स्टेप राहू द्या, चांगली आहे.

क्लास वाचला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी नारळाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी हसतच होते, पण बाहेर पडताना दारावरच्या कागदाकडे नजर गेली. प्रशिक्षिका, पुढं जाऊबाईंचं पूर्ण नाव. खाली बाबूंनी निळ्या पेनानं बारीक अक्षरात सहायक लिहून माझं नाव घातलं होतं. सर्टिफिकेट माझं, स्टेप माझ्या, डाससुद्धा मला चावलेला, आणि मी सहायक.

घरी चालत निघालो. जाऊबाई एक नंबर मोठ्या बुटांत फटक फटक चालत होत्या. रसवंतीपाशी थांबून त्यांनी दोन ग्लास सांगितले. मी म्हटलं, ताई, दोनशे रुपये कमी लिहिले नसते तर हा सगळा तमाशा झाला नसता. मी थट्टेनंच म्हणाले होते. त्यांनी ग्लासातला बर्फ बोटानं बाजूला केला.

"लाज बीज काय न्हाई, मुद्दाम लिव्हलं," त्या म्हणाल्या. "मला बी शिकवायचं हुतं. त्या गच्चीवर तू आधी एकटी नाचायचीस न्हवं, कपडे वाळत घालताना, मी जिन्यातनं बघायचे. मला वाटलं, एकदा आपलं बी नाव लागावं कुठं तरी."

मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं, मला का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर तू दुसरीकडनं पाकीट आणलं असतं."

रसवाल्यानं घुंगराचं चाक फिरवायला सुरुवात केली. त्यांचं खरं होतं. मी आणलं असतं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या वहिनींकडून आणलं असतं, आणि जाऊबाईंना हळदीसारखंच चपला सांभाळायला बसवलं असतं, तेही मोठ्या मायेनं. मी रस संपवला आणि त्यांच्या मापाचे बूट आणायला हवेत एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या, उद्या आणू.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पुढं उभ्या राहिलो. लपवायचं आता काही नव्हतं. मी गाणं लावलं, वळले, तर जाऊबाईंनी माझ्याकडे न बघताच सुरुवात केलेली, तीही डाव्या पायानं. सुप्याच्या मुलीनं शिकवलेलं सगळं उजव्या पायानं सुरू होतं. मी उजवा पाय टाकला. समोर पाहिलं तर चाळीस बायका डाव्या पायावर, जाऊबाई डाव्या पायावर, त्यांचा चेहरा लाल झालेला आणि नजर बायकांवर. सगळ्या सभागृहात मी एकटीच उजव्या पायावर होते.

मी पाय बदलला.